वाचणारा गट आणि नुसता बसलेला गट

सक्रिय वाचन म्हणजे मजकूर आणि वाचक यांच्यातली देवाणघेवाण. असा वाचक शीर्षक पाहूनच पुढे काय असेल याचा अंदाज बांधतो, वाचता वाचता तो तपासतो, अडले की दोन ओळी मागे जातो, नवी गोष्ट आधी माहीत असलेल्याशी ताडून पाहतो आणि वाचून संपल्यावर ती आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगू शकतो. यातले काहीही न करता ओळींवरून डोळे फिरवणे किंवा खणखणीत आवाजात धडा म्हणून दाखवणे शक्य असते. वर्गाच्या दारातून पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसते. शाळेतल्या वाचनाची बरीचशी फसगत याच सारखेपणातून होते.

ही फसगत किती सहज घडते, हे एका बनावट वाक्याने दाखवता येते. ‘काल संध्याकाळी झुरम्याने कोटळात फरडा चिमवला.’ यातल्या शेवटच्या चार शब्दांना मराठीत काहीही अर्थ नाही. तरी ‘फरडा कोणी चिमवला?’ या प्रश्नाला तिसरीतले मूल ‘झुरम्याने’ असे अचूक उत्तर देईल, ‘कुठे चिमवला?’ याचेही देईल आणि पूर्ण गुण मिळवेल. धड्याखालचे ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’ सोडवताना अनेक मुले हेच करत असतात: प्रश्नातला शब्द धड्यात शोधायचा आणि ते वाक्य वहीत उतरवायचे. ‘फरडा चिमवल्यावर झुरम्याला काय वाटले असेल?’ असे विचारले की तोच हात थांबतो. वाचन झाले की नाही, याचा निकाल असल्या दुसऱ्या प्रश्नावर लागतो.

मराठी प्राथमिक शाळेत वाचनाच्या तासाची रीत ठरलेली आहे. शिक्षकांचे आदर्श वाचन, मग मुलांचे अनुवाचन, मग एकेकाने उभे राहून केलेले प्रकट वाचन, शेवटी प्रश्नोत्तरे. ही रीत टाकाऊ नाही. लहान मुलांनी चांगले वाचन कानांनी ऐकलेच पाहिजे. अडचण वेळेच्या हिशेबाची आहे. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत तीस मुलांनी पाळीपाळीने वाचले, तर प्रत्येक मुलाच्या वाट्याला जेमतेम एक मिनिट येते आणि उरलेली चौतीस मिनिटे ते आपली पाळी कधी येते ते मोजत बसते. त्याच तासिकेत मुलांच्या पंधरा जोड्या केल्या आणि जोडीतल्या दोघांनी आळीपाळीने वाचले, तर प्रत्येकाला दहा-बारा मिनिटे सहज मिळतात. शिवाय जोडीदार अडवतो, विचारतो, दुरुस्त करतो. त्यासाठी ना खर्च लागतो ना साहित्य.

अर्थ लावत, थांबत, इतरांसोबत वाचणे मराठवाड्याच्या गावांना परके नाही. श्रावणात देवळात किंवा एखाद्याच्या ओसरीवर ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ यांसारखी पोथी लागते. एक जण ओवी वाचतो, दुसरा तिचा अर्थ फोडून सांगतो आणि ऐकणाऱ्यांतले कुणीतरी मध्येच शंका काढते. ज्यांना अक्षर येत नाही तेही त्या वाचनात सामील असतात. अखंड हरिनाम सप्ताहातले पारायण वेगळे: तिथे सगळे एकसुरात, ठरलेल्या वेळेत अध्याय पुरा करतात. पारायणाचा हेतू भक्तीचा आहे आणि त्या हेतूला तो वेग शोभतो. आपल्या वर्गांनी मात्र पोथीची रीत सोडून पारायणाची उचलली. ‘धडा संपवला’ हे शिक्षकांच्या तोंडचे नित्याचे वाक्य त्याचीच खूण आहे.

मराठवाड्यातल्याच परभणी जिल्ह्यात अर्थाविना वाचनाचा हा प्रश्न आणखी टोकदार होतो. परभणी, जिंतूर, सेलू, पाथरी, मानवत, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा असे नऊ तालुके. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७३ टक्के होती, तर राज्याची ८२ टक्क्यांहून थोडी अधिक. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि तिथे वरच्या शिक्षणाचे माध्यम उर्दू होते, त्यामुळे मराठीतून शाळा शिकलेल्या पिढ्यांची साखळी इथे उशिरा सुरू झाली. आजही बऱ्याच मुलांच्या घरी पाठ्यपुस्तक सोडून दुसरे पुस्तक नसते आणि धडा वाचताना शेजारी बसून ‘म्हणजे काय?’ असे विचारणारे मोठे माणूस नसते. शहरातल्या सुशिक्षित घरात जे काम आई-वडील नकळत करतात, ते इथे शाळेलाच करावे लागते. एकटा शिक्षक ते तीस मुलांसाठी करू शकत नाही. करू शकतील ती मुलेच, एकमेकांसाठी.

शाळांची रचनाही त्याच दिशेने बोट दाखवते. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला; त्याच्या निकषांनुसार पहिली ते पाचवीत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे वाडीवरच्या वा तांड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत दोन शिक्षक चार-पाच इयत्ता सांभाळतात. शिक्षक दुसरीला शिकवत असतात तेव्हा त्याच खोलीतली तिसरी आणि चौथी काय करते? बहुधा पाढे लिहिते किंवा धडा उतरवून काढते. बहुवर्ग अध्यापनाकडे नाइलाज म्हणून पाहिले जाते, ते या रिकाम्या वेळेमुळे. प्रत्यक्षात मोठे मूल लहान मुलाला वाचून दाखवते आणि त्याच्याकडून वाचून घेते, अशी सोय एकाच इयत्तेच्या मोठ्या वर्गाला नसते. ती या शाळांना आपोआप मिळालेली आहे. चौथीतले कच्चे मूल स्वतःच्या वर्गात मागे पडते, पण दुसरीतल्या मुलाला गोष्ट वाचून दाखवायची म्हणून तीच गोष्ट घरून तीनदा वाचून येते. सराव होतो आणि मानही राहतो.

मुलांनी मुलांना शिकवणे आपल्याकडे जुनेच आहे. पंतोजींच्या शाळेत पुढची मुले मागच्यांना धुळाक्षरे गिरवायला लावत. अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथाश्रमात अँड्र्यू बेल यांनी देशी शाळांतली ही पद्धत उचलली आणि पुढे ती ‘मद्रास पद्धत’ म्हणून इंग्लंडात पसरली. तिची मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. तिथे मोठे मूल शिक्षकाचा मुकादम होते. घोकून घ्यायचे, चुकले की सांगायचे, एवढेच त्याचे काम. सहकारी अध्ययनात, म्हणजे मुलांनी गटात एकमेकांच्या आधाराने शिकण्यात, अपेक्षा याहून मोठी आहे: शिकवणाऱ्याचेही शिकणे त्या व्यवहारात झाले पाहिजे.

इथे ‘गट’ आणि ‘सहकार’ यांतला फरक कळीचा ठरतो. महाराष्ट्रात सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या शाळांनी ज्ञानरचनावादी अध्यापनाचा नमुना उभा केला, राज्यभरातले शिक्षक तो पाहायला गेले आणि २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या शासन निर्णयानंतर ती लाट गावोगाव पोहोचली. बाक हलले, मुले गोल करून बसली, फरशीवर तक्ते रंगले. हे सगळे स्वागतार्ह होते. पण बाहेरचे रूप जितक्या लवकर पसरते, तितक्या लवकर आतली रीत पसरत नाही. गोलात बसलेली चार मुले चार वह्यांत एकच उत्तर उतरवत असतील, तर बैठक बदलली एवढेच. अनेकदा गटातले एक हुशार मूल सगळे काम करते, दुसरे त्याच्याकडून उतरवते, तिसरे खिडकीबाहेर पाहते आणि चौथ्याला कुणी विचारतच नाही. असा गट रांगेतल्या वर्गापेक्षाही वाईट, कारण रांगेत निदान शिक्षकांची नजर तरी त्या चौथ्या मुलावर पडते.

मिनेसोटा विद्यापीठातले डेव्हिड आणि रॉजर जॉन्सन हे बंधू आणि रॉबर्ट स्लाव्हिन यांनी सहकारी अध्ययनाचा दीर्घ अभ्यास केला. त्यांच्या मांडणीतल्या दोन अटी सर्वांत महत्त्वाच्या आहेत. पहिली, गटातल्या कुणाचेही काम इतरांवाचून पुरे होऊ नये. दुसरी, प्रत्येकाने काय शिकले हे स्वतंत्रपणे तपासले जावे. पहिली अट नसली तर मुले शेजारी बसून आपापले काम करतात. दुसरी नसली तर एकाच्या मेहनतीवर बाकीचे तरून जातात. दोन्ही अटी पाळणे हे सर्वस्वी कामाच्या आखणीवर अवलंबून असते, बैठकीवर नाही.

या आखणीचा सर्वांत नेमका नमुना म्हणजे एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात वापरलेली तुकडेजोड पद्धत. तिथल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले नव्याने एकत्र आली होती आणि वर्गात तेढ होती. ॲरन्सन यांनी मजकुराचे भाग पाडून प्रत्येक मुलाला एकच भाग दिला. ज्या मुलाची टिंगल होत असे, त्याच्याजवळचा भाग कळल्याशिवाय इतरांचे भागेना. तेव्हा त्याला नीट प्रश्न विचारणे आणि त्याचे ऐकून घेणे भाग पडले.

परभणीच्या पाचवीच्या वर्गात हीच रीत ज्वारीवरच्या मजकुरासाठी वापरता येईल. समजा वर्गात सोळा मुले आहेत. चारचार जणांचे चार मूळ गट करायचे आणि मजकुराचे चार भाग. पहिला भाग काळ्या जमिनीतल्या ओलाव्यावर येणाऱ्या रब्बी ज्वारीच्या पेरणीचा. दुसरा वाणांचा: १९७२ मध्ये परभणीला स्थापन झालेल्या आणि आता वसंतराव नाईक यांच्या नावाने चालणाऱ्या मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘परभणी मोती’ आणि २०१८ मध्ये आलेले, दाण्यात लोह व जस्त जास्त असलेले ‘परभणी शक्ती’. तिसरा कडब्याचा आणि जनावरांच्या वैरणीचा. चौथा सोयाबीन वाढत गेले आणि ज्वारीचा पेरा आटला, त्याचा. प्रत्येक मूळ गटातल्या एकेकाला एकेक भाग मिळतो. आधी एकच भाग मिळालेली चार मुले एकत्र बसून तो वाचतात, अडलेले शब्द सोडवतात आणि आपापल्या गटाला काय सांगायचे ते ठरवतात. शिक्षकांचे खरे काम याच टप्प्यात असते, कारण इथे राहिलेली चूक पुढे चारही गटांत पोहोचते. मग मुले मूळ गटात परततात आणि पुस्तक मिटून आपला भाग इतरांना सांगतात.

पुस्तक मिटणे आवश्यक आहे. उघडे राहिले तर सांगण्याऐवजी वाचून दाखवणे होते आणि गाडी पुन्हा प्रकट वाचनावर येते. शेवटी गटापुढे असा प्रश्न ठेवायचा की ज्याचे उत्तर कोणत्याही एका भागात नाही: गावात ज्वारी पेरणे बंद झाले, तर गोठ्यावर आणि ताटावर काय परिणाम होईल? तिसऱ्या भागातला कडबा, दुसऱ्यातले लोह, चौथ्यातली कारणे जोडल्याशिवाय उत्तर पुरे होत नाही. उत्तर सांगायला कोण उठणार हेही आधी ठरलेले नसते. गटातल्या मुलांना एक ते चार क्रमांक दिलेले असतात आणि शिक्षक ऐन वेळी एक क्रमांक पुकारतात. त्यामुळे ‘आपल्यातल्या प्रत्येकाला आले पाहिजे’ ही गटाचीच गरज बनते.

ज्वारीचा मजकूर घेण्यालाही कारण आहे. ज्याच्या घरी कडब्याची गंजी आहे आणि ज्याने हुरडा भाजला आहे, ते मूल या मजकुराकडे मोकळ्या हातांनी येत नाही. वाचनापूर्वी फळ्यावर ‘काय माहीत आहे’ आणि ‘काय जाणून घ्यायचे आहे’ असे दोन रकाने आखून मुलांना बोलते केले आणि वाचनानंतर ‘काय कळले’ हा तिसरा भरला, तर वाचनात मागे असलेले मूलही पहिल्या रकान्यात पुढे असते. डॉना ओगल यांनी १९८६ मध्ये मांडलेली ही साधी युक्ती ग्रामीण वर्गाला फार मानवते.

गोष्टीच्या वा वर्णनाच्या धड्याला तुकडे करणे जमत नाही. तिथे पॅलिन्सार आणि ब्राऊन यांनी १९८४ मध्ये मांडलेली परस्पर अध्यापनाची पद्धत उपयोगी पडते. चौघांना चार कामे: एकाने पुढे काय घडेल याचा अंदाज सांगायचा, दुसऱ्याने प्रश्न काढायचे, तिसऱ्याने अडलेला शब्द वा वाक्य उलगडायचे, चौथ्याने दोन वाक्यांत सारांश सांगायचा. प्रत्येक परिच्छेदानंतर कामे फिरतात. मुलांना हे एकदम जमत नाही. काही आठवडे शिक्षकांनी स्वतः वर्गापुढे मोठ्याने विचार करत वाचून दाखवावे लागते: ‘हा शब्द मला अडला, मागचे वाक्य पाहतो, बहुधा याचा अर्थ असा असावा.’ मोठी माणसेही वाचताना अडतात आणि अडल्यावर काहीतरी करतात, हे अनेक मुलांनी कधी पाहिलेलेच नसते. प्रश्न काढण्याचे काम सर्वांत अवघड. आरंभी मुले ‘कोण’, ‘कुठे’, ‘केव्हा’ एवढेच विचारतात. ‘का’ आणि ‘तसे झाले नसते तर’ इथपर्यंत यायला वेळ लागतो. तो वेळ द्यायला हवा, कारण स्वतः प्रश्न काढता येणे हीच आकलनाची सर्वांत भरवशाची खूण आहे.

यावर एक रास्त आक्षेप आहे: ज्या मुलाला अक्षरेच ओळखता येत नाहीत, ते गटात बसून काय वाचणार? पॅलिन्सार आणि ब्राऊन यांचे प्रयोगसुद्धा अक्षरे वाचता येणाऱ्या, पण अर्थ न लागणाऱ्या सातवीच्या मुलांवर झाले होते. लिपी शिकवणे हे शिक्षकांचेच काम आहे आणि ते पद्धतशीरच व्हावे लागते. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी आणि पालघर जिल्ह्यात सोनाळे इथल्या ‘क्वेस्ट’ संस्थेने मराठी वाचन-लेखनाच्या आरंभावर जे काम केले, त्यातून हेच दिसते की अक्षरे, शब्द आणि अर्थ यांची सांगड शिक्षकांनी जाणीवपूर्वक घालावी लागते. ती गटावर सोपवता येत नाही. ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत मुलाला अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्यांनी वाचायला देतात आणि त्याच संस्थेच्या अध्यापनपद्धतीत इयत्ता बाजूला ठेवून पायरीनुसार गट केले जातात. तिथे सारख्या पातळीची मुले एकत्र असतात, तर सहकारी गटात मिश्र पातळीची.

या दोन्हींत विरोध नाही, फक्त वेळा वेगळ्या आहेत. दिवसातला एक तास लिपीच्या सरावासाठी पायरीनुसार आणि दुसरा आकलनासाठी मिश्र गटात, अशी विभागणी व्हायला हवी. मिश्र गटात न वाचता येणाऱ्या मुलाला मजकूर ऐकवला जातो आणि अंदाज, प्रश्न, सारांश ही कामे ते तोंडी करते. अक्षर येईपर्यंत विचार थांबवून ठेवण्याचे कारण नाही. उलट दिवसभर पायरीनुसारच बसवले, तर ‘कच्चा गट’ ही ओळख मुलाच्या कपाळावर कायमची चिकटते.

गटात समाजही येऊन बसतो. मुलांवर सोडले तर ती वस्तीनुसार, जातीनुसार, मुलगे-मुली असे विभागून बसतात. म्हणून गट शिक्षकांनीच करायचे आणि काही आठवड्यांनी बदलायचे. तेवढ्याने भागत नाही. स्टॅनफर्डच्या एलिझाबेथ कोहेन यांनी दाखवून दिले की गटातही ज्याची प्रतिष्ठा जास्त त्याचेच बोलणे जास्त चालते, मग त्याचे उत्तर चूक असले तरी. गावात ही प्रतिष्ठा शेतीवरून, आडनावावरून, शाळा समितीत कोण आहे यावरून ठरते आणि ती पाचवीतल्या मुलांनाही पक्की ठाऊक असते. उपाय म्हणजे कामे सक्तीने फिरवणे आणि शांत मुलाने मांडलेली बरोबर गोष्ट शिक्षकांनी नेमक्या शब्दांत सर्वांसमोर नोंदवणे.

जिंतूर, गंगाखेडकडच्या तांड्यांवरून येणारी मुले घरी गोरमाटी बोलतात. परभणी, पाथरीसारख्या गावांत उर्दू शाळा आहेत आणि तिथे मराठी हा शिकण्याचा विषय आहे. २०२० च्या कायद्याने तो राज्यातल्या सर्व शाळांत सक्तीचा झाला. अशा मुलांना मराठी वाचनाआधी मराठी बोलण्याची संधी हवी असते, आणि तीस जणांसमोर चुकण्यापेक्षा एका जोडीदारासमोर चुकणे सोपे जाते. फ्रँक लायमन यांची १९८१ ची ‘विचार करा, जोडीत बोला, मग वर्गाला सांगा’ ही रीत इथे पहिली पायरी म्हणून पुरेशी आहे. मूल जोडीत आपल्या घरच्या भाषेत अर्थ सांगू लागले, तर त्याला थांबवू नये.

सर्वांत अवघड प्रश्न ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या मुलांचा. दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. काही मुले हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, काही फडावर जातात. परतलेल्या मुलासाठी वर्ग पुढे निघून गेलेला असतो. पाळीपाळीच्या वाचनात ते मागच्या बाकावर गप्प बसते आणि पुढच्या वर्षी शाळेतच येत नाही. तुकडेजोड पद्धतीत त्याला पहिल्याच दिवशी लहानसा, झेपेल असा भाग देता येतो आणि तो भाग गटाला हवा असतो. गटकामाने स्थलांतर थांबत नाही आणि बुडालेले महिने भरून येत नाहीत. ती जबाबदारी शासनाची आणि साखर कारखान्यांची आहे. परत आलेल्या मुलाला वर्गात जागा मिळणे मात्र शिक्षकांच्या हातात आहे.

या सगळ्याच्या आड येणाऱ्या गोष्टी शिक्षकांना चांगल्या माहीत आहेत. गटकाम चालू असले की वर्गात आवाज होतो आणि शांत वर्ग म्हणजे चांगला वर्ग ही समजूत पालकांत आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांतही मुरलेली आहे. ऑनलाइन माहिती भरणे, सर्वेक्षणे, अभियाने यांतून सलग तास मिळणे कठीण जाते. दहावीच्या मराठीच्या कृतिपत्रिकेत आकलनाच्या कृती आणि ‘स्वमत’ आले, तो बदल योग्य होता. पण गाइडमधून तयार स्वमत पाठ करण्याची सोय लगेच झाली. आणि पुस्तके? शाळेला मिळालेली पुस्तके हरवतील, डेडस्टॉकला नोंद जुळणार नाही, या भीतीने कपाटात कुलूपबंद राहतात. हरवलेले पुस्तक शिक्षकांच्या खिशातून वसूल होणार नाही, असे मुख्याध्यापकांनी आणि गटशिक्षण कार्यालयाने स्पष्ट केले, तर ती कपाटे उघडतील. ‘बालभारती’च्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक संकेतस्थळावर मोफत आहेत. त्यातला एकेक माहितीपर लेख छापून चार भागांत कापला की गटकामाचा मजकूर तयार होतो.

प्रशिक्षणाची रीतही बदलायला हवी. सहकारी अध्ययनावर ध्वनिक्षेपकावरून दोन तास व्याख्यान ऐकलेला शिक्षक वर्गात जाऊन व्याख्यानच देतो. केंद्रपातळीवर शिक्षण परिषद भरते, तिच्यासाठी वेगळा खर्च लागत नाही. तिथे दर वेळी एका शिक्षकाने खऱ्या मुलांसमोर एक गटपाठ घ्यावा. इतरांनी प्रत्येकी एका मुलावर लक्ष ठेवून ते किती वेळा बोलले, कुणाला विचारले, केव्हा गप्प झाले, एवढेच टिपावे. आणि पाठ संपल्यावर त्या टिपणांवर बोलावे. शिक्षकाच्या कामगिरीवर मत देऊ नये. कोणत्या मुलाच्या वाट्याला काम आले नाही आणि पुढच्या पाठात ते कसे येईल, यावरच चर्चा ठेवावी.